गाण्याचं आडनाव

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा खरा अर्थ काय? हा प्रश्न फोनवर टाइप करून बघा, अर्धा तास सहज जाईल. कुणी म्हणेल, ही एका खुनी पोरानं आईपुढे दिलेली कबुली आहे. कुणी म्हणेल, सैतानाला आत्मा विकलेल्या माणसाची गोष्ट आहे. कुणी म्हणेल, गाण्यात जो मेला तो जगाला दाखवायला उभा केलेला जुना फ्रेडी मर्क्युरी, आणि ज्यानं मारलं तो खरा फ्रेडी. गॅलिलिओ का आला, स्कारामूश कोण, 'बिस्मिल्ला' कुठून आलं, असा एकेक शब्द सोलून दाखवणारे व्हिडिओही आहेत. मी त्यातले बरेच पाहिलेत आणि काही खरंच चांगले आहेत. पण जवळजवळ सगळ्यांचा सूर एकच असतो. गाणं म्हणजे कुलूप, गाणारा किल्ली लपवून गेला, आणि ती आम्हाला सापडली.

आणखी एक किल्ली बनवणं हा माझा उद्देश नाही. मला त्याच्या एक पायरी आधीचा प्रश्न पडलाय. ही किल्ली मागायचा आपल्याला हक्क आहे का? एखाद्यानं गाणं दिलं, जीव ओतून दिलं, पण त्यामागे स्वतःचं जे काही होतं ते सांगायला नकार दिला, तर तो आपलं काही देणं लागतो का?

प्रश्न लंडनमधल्या एका रॉक बँडचा वाटेल. मला मात्र तो सोलापुरात राहून समजला. त्याकडे येतो, पण आधी अल्बम.

*

'अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा' हा क्वीन बँडचा चौथा अल्बम. तो नोव्हेंबर १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये आला. नाव घेतलं होतं मार्क्स ब्रदर्सच्या १९३५ सालच्या विनोदी सिनेमावरून. बँड तेव्हा कर्जात होता आणि जुन्या मॅनेजमेंटशी भांडून बाहेर पडला होता. अशा वेळी माणूस जपून खर्च करेल. यांनी उलट केलं. त्या काळातल्या सर्वात खर्चिक अल्बमांमध्ये याची गणना होते. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तल्या मधल्या ऑपेराच्या तुकड्यासाठी फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनी आपलेच आवाज एकावर एक इतक्या वेळा चढवले की टेप झिजून आरपार दिसायला लागली होती, असा किस्सा सांगितला जातो. गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. इतकं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, असं सगळे म्हणत होते. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

पण मला या अल्बमबद्दल आवडतं ते वेगळंच. यातलं जवळजवळ प्रत्येक गाणं 'अर्थ' या गोष्टीशी वेगळ्या तऱ्हेनं वागतं. जणू एकाच घरातली भावंडं, कुणी बडबडं, कुणी घुमं.

पहिलंच गाणं, 'डेथ ऑन टू लेग्ज', म्हणजे नुसती शिव्यांची लाखोली. फ्रेडीनं ते कुणावर लिहिलं याचं नाव गाण्यात कुठेही नाही. पण त्यांचे आधीचे मॅनेजर नॉर्मन शेफील्ड यांनी ते ऐकलं आणि बदनामीचा दावा ठोकला. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. पण या नादात जगाला कळलं की गाणं कुणावर आहे! कवीनं झाकून ठेवलेला अर्थ ज्याला लागला त्यानंच उघडा केला. आपल्याकडे म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं. ते चोर होते की नव्हते हा वाद वेगळा, पण चांदणं पडलं खरं.

'यू आर माय बेस्ट फ्रेंड' हे बास वाजवणाऱ्या जॉन डीकननं बायकोसाठी लिहिलेलं गाणं. त्यात काही लपलेलं नाही. ऐकावं, कुणाची तरी आठवण यावी, संपलं. अर्थ सांगितल्यानं ते लहान झालं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

'थर्टी-नाइन' ब्रायन मेचं. गिटार वाजवणारा हा माणूस खगोलभौतिकीचा विद्यार्थी होता. बँडपायी अर्धवट राहिलेली पीएच.डी. त्यानं पुढे २००७ साली पूर्ण केली. गाण्यात काही लोक नवी जमीन शोधायला अंतराळात जातात. त्यांच्या हिशेबानं एक वर्ष जातं, पण परत येतात तेव्हा पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली असतात. हा अर्थ ब्रायननंच सांगितलाय, आइन्स्टाइनसकट.

तरी मला ते गाणं अंतराळाचं वाटतच नाही. माझे आजोबा तेलंगणातून सोलापूरला विणकाम करायला आले. आम्ही पूर्वभागात राहतो, घरात तेलुगू बोलतो. आमची तेलुगू आजोबांनी येताना बरोबर आणली तीच, थोडी मराठी मुरलेली. हैदराबादचे नातेवाईक आमच्याकडे आले की हसतात. म्हणतात, असं तर आमच्याकडे फक्त म्हातारी माणसं बोलतात. तिकडे भाषा पुढे गेली, आमची यंत्रमागाच्या खडखडाटात जपून राहिली. आजोबा निघाले तेव्हाचं गाव त्यांच्या डोक्यात तसंच होतं. एकदा परत गेले तेव्हा तिथे ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. 'थर्टी-नाइन' ऐकताना मला रॉकेट दिसत नाही, पांढऱ्या धोतरातले आजोबा दिसतात.

म्हणजे अर्थ लिहिणाऱ्यानं स्वच्छ सांगितला तरी ऐकणारा स्वतःचा घेऊन बसतोच. मग ज्यानं सांगितलाच नाही त्याच्या मागे आपण इतके का लागतो?

*

कारण सांगणं आणि लपवणं यातलं लपवणं आपल्याला सहन होत नाही. आणि फ्रेडीनं बरंच काही लपवलं होतं.

सोलापूरहून पंढरपूर, फलटण, वाई करत पसरणीचा घाट चढलं की पाचगणी. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. शाळेच्या सहली तिथे जातात. टेबल लँडवर घोडा, मग स्ट्रॉबेरी, मग उलट्या करत घाट उतरणं, असा आमचाही कार्यक्रम झाला होता. त्याच गावातल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा वाढला, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. तो जन्मला ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये. वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत. आडनावात गुजरातचं बुलसार, म्हणजे आजचं वलसाड. आठ वर्षांचा असताना त्याला समुद्रापलीकडे पाचगणीला पाठवलं. तिथे तो पियानो शिकला, कॉयरमध्ये गायला, आणि १९५८ साली चार मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्याला फ्रेडी म्हणायला सुरुवातही इथेच झाली.

१९६३ साली तो झांझिबारला परतला. पुढच्याच जानेवारीत तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला गेलं. लंडनच्या कडेला फेल्टममध्ये घर. आर्ट कॉलेज, केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकणं, मग १९७० साली क्वीन. आणि त्याच सुमारास आडनाव बदलून मर्क्युरी.

पुढे मुलाखतींमध्ये तो पाचगणीबद्दल फारसं बोलला नाही. पारशी असण्याबद्दल नाही, आपल्या प्रेमाबद्दल नाही, आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या अर्थाबद्दल तर नाहीच. लोकांनी ऐकावं, विचार करावा आणि काय ते आपलं आपण ठरवावं, अशा अर्थाचं काहीतरी बोलून तो विषय संपवत असे.

आता तो गेल्यावर सगळ्यांना त्याचं काही ना काही हवंय. दर सप्टेंबरला आपल्याकडे रील फिरते, 'माहीत आहे का, फ्रेडी मर्क्युरी भारतीय होता!' खाली अभिमानाच्या कमेंट. त्याच्या जन्मगावाची तऱ्हा उलटी. २००६ साली झांझिबारमध्ये त्याच्या साठाव्या वाढदिवसाची पार्टी ठरली होती, ती धार्मिक संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. एकाला तो आपला म्हणायचाय, दुसऱ्याला आपला म्हणायचा नाही. त्याला स्वतःला काय म्हणवून घ्यायचं होतं, ते त्यानं नाव बदलून सांगून ठेवलं होतं. ते मात्र दोघांनीही ऐकलं नाही.

*

इथे सोलापूर येतं.

आमच्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषा एकाच रिक्षात ऐकू येतात. पानवाला समोरच्याचा चेहरा बघून भाषा बदलतो. आम्हाला त्यात विशेष काही वाटत नाही. विशेष वाटायला लागलं ते मी शिकायला पुण्याला गेल्यावर. भाड्याची खोली बघायला गेलो की प्रश्न यायचा, "नाव काय?" मी नाव सांगायचो. मग क्षणभर थांबून, "पूर्ण नाव?" मी आडनाव सांगितलं की, "अच्छा, साउथचे का?" मी म्हणायचो, सोलापूरचा. "नाही, पण मूळचे?"

हा 'मूळचे' फार खोल जातो. विचारणारे सगळे वाईट होते असं मुळीच नाही. एका काकूंनी तर लगेच चहा ठेवला आणि सांबार कसं करायचं विचारलं. (मला येत नाही. आमच्याकडे ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी.) पण आपल्या महाराष्ट्रात आडनाव विचारणं म्हणजे काय विचारणं असतं, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. माझं आडनाव ऐकून फार तर गोंधळ व्हायचा. माझ्या वर्गातल्या काही जणांचं आडनाव ऐकलं की खोली 'आजच दुसऱ्याला दिली' असायची. त्यातल्या एकानं मग मधलं नाव आडनावासारखं सांगायला सुरुवात केली. त्याला खोली मिळाली. तो खोटं बोलला का?

हा प्रश्न मी बरीच वर्षं डोक्यात फिरवतोय. खोटं बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या हक्काचं खरं त्याच्यापासून काढून घेणं. घरमालकाला भाडं वेळेवर मिळेल का, खोली नीट ठेवली जाईल का, हे जाणून घ्यायचा हक्क होता. जात जाणून घ्यायचा हक्क नव्हता. ज्या उत्तरावर हक्कच नाही ते न देण्यानं कुणाचं काही हिरावलं जात नाही. मित्रानं मूठ झाकली, एवढंच.

'झाकली मूठ सव्वा लाखाची' असं आपण म्हणतो. त्यात एक खोच आहे, की आत खरं तर फारसं काही नाही, उघडली तर फजिती होईल. पण काही मुठी वेगळ्या कारणानं झाकाव्या लागतात. आत खरंच सव्वा लाख असतात आणि समोरचा हिसकावून घेईल ही भीती असते.

नाव बदलण्याचं म्हणाल तर सोलापूरला त्याचं वावडं नसावं. आमच्या शहराचा सर्वात मोठा अभिमान म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले. तिथे त्यांनी चिनी नाव घेतलं, के दीहुआ. चिनी परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी ते तिथेच वारले. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक आम्ही पाहुण्यांना दाखवायला नेतो. कोटणिसांनी आपलं मूळ लपवलं, असं मी कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. त्यांचं दुसरं नाव ऐकून आपल्याला त्यांची माया दिसते.

फ्रेडीचं दुसरं नाव ऐकून मात्र आपल्याला लाज दिसते. त्याला आपल्या मुळाची लाज वाटत असणार, असं आपण ठरवून टाकतो. वाटत असेलही. पण ते कळायला मार्ग नाही. १९६८ साली इनॉक पॉवेलनं परदेशातून आलेल्यांविरुद्ध केलेलं भाषण ज्या देशात गाजलं, जिथे रस्त्यावर 'पाकी' ही शिवी सर्रास होती, तिथे एका पोरानं स्वतःला एका ग्रहाचं नाव दिलं. मर्क्युरी म्हणजे बुध. त्यात लाज असेल, हौस असेल, किंवा नव्या घराला नवा रंग द्यावा इतकं साधं असेल. दोन माणसांनी तीच गोष्ट केली तर एकात माया आणि दुसऱ्यात लाज दिसते. तो फरक बराचसा बघणाऱ्याकडून येतो.

*

इथपर्यंत माझं म्हणणं सरळ होतं. गप्प राहणं हा त्याचा हक्क, विषय संपला. पण एका मित्रानं ते इतकं सरळ राहू दिलं नाही.

तो आमच्याच भागातला, आता पुण्यात नोकरी करतो. समलैंगिक आहे. आम्हा दोघातिघांना माहीत आहे, घरी माहीत नाही. एकदा रात्री गच्चीवर हा अल्बम लावून आम्ही पडलो होतो. मी माझं मूठपुराण सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुला सोपं आहे रे म्हणायला. मला त्याची गरज होती. तेरा-चौदा वर्षांचा असताना जगात आपल्यासारखा एकतरी माणूस आहे एवढं कळायला हवं होतं. तो होता, पण बोलला नाही. किती जण असे एकटे राहिले असतील?"

हे साधं म्हणणं नाही. फ्रेडीला एड्स असल्याचं त्याच्या वतीनं जाहीर झालं २३ नोव्हेंबर १९९१ रोजी. दुसऱ्या दिवशी तो वारला, वय ४५. त्या काळात हा आजार झालेली माणसं घरच्यांनी टाकलेली, तोंडं लपवत मरत होती. जगातला इतका लाडका माणूस चार वर्षं आधी बोलला असता तर कुणाची तरी आई आपल्या मुलाच्या अंथरुणाजवळ बसली असती का? बसली असती, असं मला वाटतं. तो गेल्यावर त्याच्या नावानं ट्रस्ट निघाला, वेम्बली स्टेडियमवर मोठी मैफल झाली, पैसा उभा राहिला. जिवंतपणी बोलण्याचा परिणाम याहून लहान खचितच झाला नसता. म्हणजे त्याच्या गप्प राहण्याची किंमत कुणीतरी मोजली. हे नाकारून त्याच्या बाजूनं बोलण्यात अर्थ नाही.

मी मित्राला विचारलं, "मग त्यानं बोलायलाच हवं होतं?"

तो म्हणाला, "मी तरी कुठं बोललोय घरी. म्हणून तर माहीत आहे, काय जातं ते."

मला वाटतं, या दोन वाक्यांच्या मध्ये सगळा प्रश्न आहे. त्याला फ्रेडीची गरज होती, हे शंभर टक्के खरं. पण गरज असणं आणि देणं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला तहान लागली म्हणून वाटेतला प्रत्येक माणूस माझा ऋणी होत नाही. विशेषतः ज्याच्या घागरीला आधीच लोक दगड मारतायत तो. इंग्लंडमध्ये समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत ते १९६७ पासून, तेही अटींसह. १९८८ साली तिथल्या सरकारनं शाळांमधून या विषयाचा 'प्रचार' नको म्हणून कायदा केला. आजाराच्या संशयावरून वार्ताहर त्याच्या घराबाहेर तळ ठोकून असायचे. हे सगळे 'खरं सांग' असंच म्हणत होते. माझा मित्र आणि ते वार्ताहर, दोघांचा प्रश्न शब्दानं सारखाच. एक आधार शोधत होता, दुसरे मथळा.

मग कुणाला सांगणं लागतं? ज्याच्या जिवावर, आरोग्यावर, भाकरीवर त्या खऱ्याचा परिणाम होतो त्याला. आपल्या जोडीदाराला फ्रेडीनं सांगितलं होतं. बँडमधल्या मित्रांनाही सांगितलं होतं, आणि ते तिघंही तोंड मिटून राहिले. ज्यांचं देणं होतं ते त्यानं चुकतं केलं. उरलेल्या जगाला त्यानं गाणी दिली.

आणि माझ्या मित्रासारख्यांची गरज? ती खरी आहे, तर ती कुणीतरी भागवलीच पाहिजे. मला यावर एकच उत्तर सुचतं. ज्याला सांगणं स्वस्त पडतं त्यानं आधी सांगावं. मी घरी तेलुगू बोलतो हे आज मी कुठेही सांगू शकतो. फार तर कुणी सांबाराची रेसिपी विचारेल. म्हणून मी सांगतो, मुद्दाम सांगतो. म्हणजे 'मराठी माणूस' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारं चित्र थोडं रुंद होतं आणि माझ्यानंतर येणाऱ्याला ते थोडं स्वस्त पडतं. ज्यांचं नाव, जात, प्रेम सुरक्षित आहे त्यांनी बोलून बोलून भाव खाली आणायचा. ज्याला सर्वात महाग पडतं त्याच्याकडेच पहिल्यांदा धैर्य मागायचं, ही आपली जुनी सवय आहे. ती मला अन्यायाची वाटते.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टानं कलम ३७७ बाबत निकाल दिला आणि आपल्याकडे प्रौढांमधले सहमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत. फ्रेडीच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, हा निव्वळ योगायोग. कायद्यानं एका दिवसात भाव खाली आणला. घराघरातला भाव अजून उतरायचाय.

*

आता पुन्हा गाण्याकडे, कारण अर्थाचा प्रश्न उरलाच आहे.

२००४ साली इराणमध्ये क्वीनची कॅसेट अधिकृतपणे विकायला आली. सोबत गाण्यांचा अर्थ समजावणारं फारसी पत्रक होतं, अशी बातमी तेव्हा बीबीसीनं दिली होती. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा तिथला अर्थ असा, की एका तरुणाच्या हातून चुकून खून होतो, तो आत्मा सैतानाला विकतो, आणि फाशीच्या आदल्या रात्री देवाचं नाव घेऊन तो परत मिळवतो. मला ही गोष्ट फार हसवते आणि थोडी रडवतेही. ज्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी इराण सोडून आले त्या पारशी घरातल्या मुलाचं गाणं इराणात परत गेलं, आणि दारावर त्याला विचारलं गेलं, पूर्ण नाव काय? मूळचे कुठले? पत्रकानं त्याला एक बऱ्यापैकी आडनाव दिलं, तेव्हा आत सोडलं.

आपण जे यूट्यूबवर करतो ते याहून फार वेगळं नसतं. हे गाणं 'म्हणजे' समलैंगिक असल्याची कबुली, असं एकदा ठरलं की ते एका खोलीत जातं आणि बाहेरून कडी लागते. तो अर्थ चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही. माझ्या मित्राला त्यात स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि तो खराच आहे. 'हे गाणं ऐकून मला असं झालं' हे म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. 'म्हणून गाणारा असा होता' हे म्हणायला लागलो की गाणं बाजूला राहतं आणि खोली भाड्यानं देणं सुरू होतं.

मला त्या गाण्यात काय ऐकू येतं ते सांगून थांबतो. सुरुवातीला एक मुलगा आईशी बोलतो, एकटा, पियानोवर. मग अचानक तो ऑपेराचा तुकडा येतो, ज्याला सगळे हसत हसत साथ देतात. कधी नीट ऐका. तिथे गर्दी जमलेली आहे. मुलगा मधोमध. अर्धी गर्दी म्हणते सोडा त्याला, अर्धी म्हणते नाही सोडणार. दोन्हीकडून आवाज चढत जातात. त्यानं नेमकं काय केलं हे त्या गर्दीत कुणीही विचारत नाही. सोडायचं की नाही, एवढाच वाद.

आणि ही सगळी गर्दी म्हणजे प्रत्यक्षात तीन माणसं. दयेची भीक मागणारे आवाज त्यांचेच, नकार देणारेही त्यांचेच. गाडीत, गच्चीत, कॉलेजच्या गॅदरिंगला आपण हे गाणं म्हणतो तेव्हा आपणही दोन्ही बाजू म्हणतो. सोडा म्हणणारे आपण, नाही म्हणणारेही आपणच. पन्नास वर्षं जग हे गाणं दोन्ही तोंडांनी म्हणतंय आणि विचारतंय, त्या मुलाचं खरं प्रकरण काय होतं?

मला त्याच्या प्रकरणापेक्षा गर्दीतली माझी जागा जास्त महत्त्वाची वाटते. ती रोज नव्यानं ठरवावी लागते, आणि त्यासाठी ऑपेरा लागत नाही. ऑफिसात नवा मुलगा येतो, शेजारच्या रिकाम्या खोलीत कुणी राहायला येतं, कुणीतरी माझी ओळख करून घेताना विचारतं, पूर्ण नाव? मी सांगतो. उलट विचारत नाही.